जिजाबाईच्या मानेवरची काडी

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीला गिऱ्हाईक नव्हतं. मिरच्यांचे ढीग उन्हात तसेच पडले होते आणि भाजीवाल्या तराजू पोत्याखाली सारून चिंचेकडं धावल्या होत्या. तिथं एका आजारी बाईच्या मानेवर गवताची काडी नाचत होती.

बाई पोत्यांना टेकून बसली होती. काडीच्या बुडाला मेणाचा ठिपका. करणी शोधणाऱ्या एका बाबानं ती मानेवरच्या फुगलेल्या शिरेवर चिकटवली होती. बाबाचा एक हात वर आभाळाकडं, दुसरा बाईच्या बरगडीखाली पोटावर. भूत दाबून धरलंय म्हणे. वारा नाही, कोणी काडीला हात लावत नाही, तरी काडी डोलते!

"काडी माई, सच बोल!" बाबा ओरडला. "वर दिल्ली, खाली लंका, कोनं वाजवला डंका?"

या मंत्राचा अर्थ काय, तो बाबालाही ठाऊक नसावा. पण लोकांनी हात जोडले.

"नणदेनं केलं?" काडी जेमतेम हलली.

"शेजारनीनं?" तेवढीच.

मग बाबानं डोळे मिटले, आवाज खाली आणला. "सवतीनं?"

काडी ताडकन उठली आणि जोरजोरानं मान हलवू लागली.

"होये म्हनते, बाप्पा!" गर्दी ओरडली आणि शेकडो डोळे त्या बाईच्या सवतीवर, गोजराबाईवर वळले.

आजारी होती ती जिजाबाई, दौलतरावाची पहिली बायको. वांगी-मिरचीचा मळा तिनंच उभा केला. पण दोन वर्षांपासून तिला धाप लागायची. आडवं होता यायचं नाही, बसूनच डोळा लागायचा. पाय सुजायचे, बोट दाबलं की खळगा राहायचा. मूल नाही, अंगात काम नाही, म्हणून दौलतरावानं गोजराबाईशी दुसरा पाट लावला. वैद्याकडं न्यायला त्याला सवड झाली नाही, लग्नाला झाली.

तेव्हापासून जिजाबाई दोन दुखणी भोगत होती. एक छातीत. दुसरं रोज पहाटे मळ्यात मोट चालवत गाणं म्हणायचं. गोजराचं हिरवं लुगडं दिसलं की तिला जास्त धाप लागायची. आणि गोजराही काही संत नव्हती. घरात राबायचं हिनं आणि कोठीची चाबी जिजाबाईच्या कमरेला, हे तिला भाकरी थापताना दर दिवशी बोचायचं.

बाबाला आणखी काय पाहिजे? भांडण आयतं, काडी गवताची.

त्यानं निकाल दिला. पुढच्या बाजाराला गोजराचे केस कापून तिला वेशीबाहेर काढायचं. तोवर जिजाबाईला रोज तांब्याभर मिठाचं पाणी पाजायचं, कारण मीठ करणीला जाळतं. दौलतराव पागोटं सारखं करत खाली बघत राहिला. असे नवरे बाबांना फार आवडतात.

मिठानं करणी जळाली नाही, जिजाबाईचं अंग मात्र टरारून फुगलं. पोट घट्ट झालं. शेवटी तेल घेऊन पुढं आली ती गोजराच.

"तू हात नोको लावू मले," जिजाबाई फिसकारली.

"मंग कोन लावते? घरधनी चिलीम सोडतीन?"

गोजरा पोटाला तेल लावू लागली. उजव्या बरगडीखाली तिचा हात दाबला गेला आणि तिची नजर मानेवर गेली. शीर दोरीसारखी वर आली होती. हात काढला, शीर बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आली. गोजरानं दात आवळले.

पुढच्या बाजारी चिंचेखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बाबानं कात्री धुतली, कुंकू लावलं, जिजाबाईच्या मानेवर काडी बसवली. गोजराला पुढं ओढलं, तशी ती हात झटकून म्हणाली, "केस कापा. पन आंदी माह्या हातानं काडीले इचारू द्या."

"नही! पवित्र हात पायजे!"

"मंग भेता काहून?" गर्दीतून कोणीतरी टोमणा मारला. लोकांना तमाशा हवाच होता. त्यांनी बाबाला मागं सारलं.

गोजरानं सवतीच्या पोटावर हात ठेवला. "घरधन्यानं केलं?" आणि दाबलं. काडी उठून डोलली. दौलतरावाच्या हातातली चिलीम पडली.

"या बाबानं केलं?" पुन्हा दाबलं. काडीनं आणखी जोरानं होकार दिला. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "सवतीचा हात हाये! करनीचा हात हाये! काडी तिले भेऊन खोटं बोलते!"

"माहा हात तं करनीचा नाई?" म्हातारा नथ्थू माळी काठी टेकत पुढं आला. "जिजाबाई, पोरी, तुया बापासारखा हावो, माफ कर." त्यानं गोजरानं दाखवलेल्या जागी तळवा ठेवला. "काडी माई, माह्या ढवळ्या बैलानं केली का वो करनी?"

दाबलं. काडीनं बैलावरही आरोप ठेवला.

बाजार हसून लोटपोट झाला. पण जिजाबाई हसली नाही. धापेतून एकेक शब्द ओढत ती म्हणाली, "मले पह्यल्याच बाजारी समजलं होतं. सवतीचं नाव घेते तवाच थो बाबा दाबते. पोट माहं होतं, मले नाई समजन तं कोनाले?"

"मंग बोलल्या काहून नाई, बाई?" गोजरानं विचारलं.

"तू घरातून निंगशीन म्हनून गप बसली. तू मोटेवर गानं म्हनतं, आन् मले दोन पावलं चाललं तं दम लागते. मी मेली तरी तू राह्यनार. मले वाटलं, आंदी तू जावं."

तोवर बाबानं झोळी उचलून वाट धरली होती.

"मी बी तुमच्यावर जळतो, बाई," गोजरा म्हणाली. "चाबीवरून. थे भांडन घरी करू. आता बैलबंडीत बसा."

वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मान पाहिली आणि विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

"आला होता. लगनाच्या आंदी."

"त्या तापानं हृदयाची झडप खराब केली. पाटाचं तोंड बुजलं की पाणी मागं फुगतं ना? तसं रक्त मागं तुंबतं. पाय सुजतात, पोटात यकृत फुगतं, मानेची शीर वर येते. पोट दाबलं की तुंबलेलं रक्त मानेकडं सरकतं. बाबाची सिद्धी ती एवढीच."

मिठाच्या पाण्याचं ऐकून ते भडकले. "मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. आणखी आठवडाभर पाजलं असतं तर बंडी दवाखान्यात आलीच नसती, मसणात गेली असती."

"मंग सवतीचं यात काईच नाई?" जिजाबाईनं विचारलं. तिच्या आवाजात सुटका होती, आणि खोटं कशाला बोला, थोडी निराशाही.

"काहीच नाही."

झडप नवी करायचं औषध डॉक्टरांकडं नव्हतं आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. बाबांत आणि डॉक्टरांत हा पहिला फरक ओळखा. त्यांनी औषधाचे थेंब दिले, मीठ तोडलं, उंच उशीला टेकून विश्रांती सांगितली. सूज उतरली. जिजाबाई आज बांधावर बसून मिरच्या निवडते आणि गोजराला कामं सांगते. दोघी रोज भांडतात. भांडोत! भांडायला दोघी जिवंत आहेत.

वाचकहो, मत्सर सगळ्यांना असतो. सवतीला, जावेला, भावाला. ते दुखणं खरं आहे, पण त्यानं दुसऱ्याच्या पायाला सूज येत नाही. तुमचा मत्सर ओळखणारा माणूस देव नसतो, दुकानदार असतो. घरात कोणाला चालताना धाप लागत असेल, उताणं निजवत नसेल, पाय सुजत असतील, मानेची शीर फुगत असेल, तर कोणी केलं म्हणून विचारत बसू नका. कोणाचंही नाव घेऊ नका. बंडी जुंपा आणि दवाखाना गाठा.