बाजारकुणंगचं कणंग

ॲप बंद झालं हे मला जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी कळलं. मी आमच्या अणशी गावाच्या वरच्या वळणावर, रस्त्याच्या मोरीजवळ उभा होतो. आमच्या घरात रेंज येत नाही, त्यासाठी इथवर चढून यावं लागतं. कुदळ सोबत आणली होती, कारण फोनला एकच गोष्ट विचारायची होती आणि तसंच खाली जाऊन खणायला लागायचं होतं.

फोनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या. जावई नागेश त्याच्या गावाहून, गुंदहून, मोटारसायकलवर आला होता, त्याला त्या वाचायला दिल्या.

"मामा, ही कंपनीच बंद झाली. तुमचं बोलणं सगळं पुसलंय. महिन्याआधी कळवलं होतं म्हणतायत."

महिन्याआधी काहीतरी आलं होतं खरं. इंग्रजी होतं, म्हणून मी बोटानं बाजूला सारलं होतं.

"परत मिळंल का?"

"न्हाई मिळणार."

काय गेलं ते सांगतो. रुक्मा, माझी बायको, दसऱ्याच्या आधी वारली. पोटाचा आजार होता. दवाखान्याचे कागद वाचून सांगायला म्हणून ते ॲप मी पहिल्यांदा घेतलं. मी आमच्या बोलीत बोलायचो, त्याला कळायचं. मला ते धाकलूदादा म्हणायचं. पुढं पुढं मी सगळंच त्याला सांगायला लागलो. गोळी कधीची, भाताला खत कधी घातलं, पंचायतीत कुठला कागद दिला.

कणंगाचं काम आमच्यात बायकांचं. कणंग म्हणजे मातीखाली धरणारा कंद. मातीचे ढीग करून त्यात लावायचा आणि वेल चढायला काठी रोवायची. तीस वर्षं परसातलं कणंग रुक्मानं लावलं. मी भात केलं आणि जंगलखात्याच्या कामावर गेलो. गेल्या वर्षी तिला उठवत नव्हतं, म्हणून ओसरीवर खाट टाकली. ती खाटेवरून सांगायची आणि मी लावायचो. बारा ढीग. हे बी अनुसयाकडचं, ते लखूच्या आईनं दिलेलं, ते माझ्या माहेरचं, बाजारकुणंगचं. बी हातात घेतलं की ती सांगायची, ढीग झाला की मी तेच फोनला सांगायचो. संध्याकाळी वळणावर गेलो की ते सगळं पोचायचं.

"अवो, माझ्याकडं बघून ऐका की. त्या डब्याला काय सांगताय?"

"हा इसरत न्हाई. मी इसरतो."

"मग मी गेल्यावर त्यालाच सांगा जेवण वाढाय."

आम्ही दोघं हसलो होतो.

यातलं बाजारकुणंगचं कणंग रक्षिताला, आमच्या मुलीला, द्यायचं होतं. तिच्याकडचं बी गुंदला रानडुकरांनी उकरून खाल्लं. बाजारकुणंगला रुक्माच्या भावानं कणंगाच्या जागी सुपारी लावली. ते बी आता फक्त माझ्या परसात होतं. रुक्मानं जाण्याआधी दोनदा सांगितलं, "रक्षीला माझं कणंग द्या. दुसरं देऊ नका." मी म्हटलं, "फोनात हाय सगळं."

कुठल्या ढिगात काय आहे याची खूण रुक्मा काठीवर ठेवायची. प्रत्येक जातीला वेगळ्या झाडाची काठी. वेल वाळल्यावर सगळे ढीग सारखेच दिसतात, काठ्या तेवढ्या वेगळ्या. आणि डिसेंबरात डुकरांनी कुंपण मोडलं तेव्हा मी त्या सगळ्या काठ्या उपटून कुंपणाला बांधल्या. फोनात आहे म्हणून उपटल्या. काठ्या अजून कुंपणाला आहेत. कुठली कुठल्या ढिगाची होती, ते मला माहीत नाही.

नागेशनं नवीन ॲप घालून दिलं. "हे जुन्यापेक्षा हुशार हाय, मामा."

मी विचारलं, "रुक्माचं बाजारकुणंगचं कणंग कुठल्या ढिगात हाय?"

ते म्हणालं, "नमस्कार! बाजारकुणंग हे जोयडा तालुक्यातील एक गाव आहे."

"ती माझी सासुरवाडी हाय. ढीग सांग."

"कृपया आपल्या शेताचा फोटो पाठवा."

मी खाली गेलो, फोटो काढला, परत वर आलो. पाऊण तास गेला. फोटो बघून ते म्हणालं, माती चांगली दिसते, रताळ्याला पाणी कमी द्यावं. मी म्हटलं हे रताळं नव्हे. माफी मागून त्यानं साबुदाण्याच्या कंदाची माहिती दिली. ढीग करताना बायकोनं सांगितलं होतं, ती आता नाही, असं बोललो तर म्हणालं, "आपल्या पत्नीच्या निधनाबद्दल मला मनापासून दुःख वाटते." त्यानंतर प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला तेच.

"दर खेपेला सांगू नको."

"क्षमा करा. आपल्या पत्नीच्या निधनाबद्दल—"

नागेश तोंड फिरवून हसत होता. मला फोन मोरीत टाकावासा वाटला.

पुढचे तीन दिवस मी रोज चढून गेलो. जे आठवलं ते सांगितलं. खाट कुठं होती, उन्हं कुठनं येत होती, रुक्मा किती वेळ बोलायची आणि कधी दमायची. जुन्याला एका शब्दात कळलं असतं ते याला पहिल्यापासून सांगावं लागत होतं. बायको कोण, मुलगी कोण, गुंद कुठं. चौथ्या दिवशी ते म्हणालं, "धन्यवाद. आपल्या माहितीनुसार माहेरचे बियाणे घराजवळच्या ओळीतील तिसऱ्या ढिगात आहे."

मला एवढं बरं वाटलं की त्याला 'शाबास' म्हणालो.

तिसरा ढीग सगळा खणला. माती झाडून कंद पोत्यात भरले आणि नागेशबरोबर पाठवून दिले.

दोन दिवसांनी रक्षिता पोतं घेऊन बसनं आली. ओसरीवर पोतं ठेवलं आणि उभ्यानंच म्हणाली, "बाबा, हे आईचं न्हाई."

"कशावरनं?"

"उकडून बघितलं. आईचं पिठासारखं फुटतं. ह्याला दोरे हायत. तुमाला कुणी सांगितलं हे?"

मी तिला वळणावर घेऊन गेलो आणि तिच्यासमोर फोनला विचारलं, "तिसरा ढीग तुला कसा कळला?"

"आपण बरोबर आहात, मला नक्की माहीत नव्हते. मी अंदाज बांधला होता. आपल्या पत्नीच्या निधनाबद्दल—"

"बंद कर," मी ओरडलो. मोरीवर बसलेली माकडं पळाली.

"त्याच्यावर काय ओरडताय?" रक्षिता म्हणाली. "त्यानं आईला कुठं बघितलंय? तुमी तर तिथंच होता न्हवं?"

मी तिथंच होतो. बारा ढीग माझ्या हातानं केले. तीस वर्षं ते कणंग खाल्लं, पण पानात पडलं ते कुठलं, हे रुक्माला कधी विचारलं नाही.

परतताना रक्षिता म्हणाली, "एकेक उकडून बघू. मला चव ठावं हाय."

प्रत्येक ढिगातला एकच कंद काढायचा, वेगळ्या भांड्यात उकडायचा आणि त्या ढिगावर कोळशानं आकडा लिहिलेला दगड ठेवायचा. पहिला उकडला, ती न्हाई म्हणाली. दुसरा न्हाई. चौथ्याला थांबली, परत चावून बघितलं, मग न्हाई म्हणाली. पाचव्यालाही न्हाई. सहावा उकडला तेव्हा तिनं तोंड पुसलं.

"आता मला सगळं एकच लागतंय, बाबा. जीभ गेली. ह्यो सहावा हिशेबात धरू नका."

"तू नीट बघ की."

"नीटच बघतेय मी. उगाच व्हय म्हणू काय, तुमच्या फोनासारखं?"

संध्याकाळच्या बसनं ती गेली. पोराची शाळा आहे. रविवारी येते म्हणाली, रिकाम्या पोटी.

आकड्यांचे दगड मी तसेच ठेवलेत. तिसरा आधीच चुकलाय. पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा नाही. सात ढीग बघायचे राहिलेत. रक्षिताला द्यायचं बी अजून मातीत आहे, आणि ते कुठल्या ढिगात आहे ते मला ठाऊक नाही.