एक थाऊ जास्त

इंजिनाच्या तिसऱ्या रॉडची टोपी खुशबूनं पुन्हा खोलली, दबलेल्या धाग्याकडे पाहिलं आणि पाना बाकावर आपटला.

"किती?" निकेशनं विचारलं.

"तीन. परत तीनच."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. क्रँक हा फिरता दांडा आणि त्यावर बसणारं रॉडचं बेअरिंग यांच्यामध्ये तेलासाठी दोन थाऊ जागा हवी होती. ती मोजायला क्रँकवर मेणासारखा धागा ठेवायचा, टोपी जोर मोजणाऱ्या पान्यानं ठरल्याइतकी आवळायची आणि परत खोलायची. धागा जितका जास्त पसरलेला, तितकी जागा कमी. बुधवारी चारही रॉडवर हिशेब बरोबर आला होता. आज शेवटची जोडणी करण्याआधी तिनं एकदा तपासलं, तर पहिल्यावर अडीच आणि तिसऱ्यावर तीन.

रविवारी नागपूरजवळच्या मातीच्या ट्रॅकवर शर्यत होती. गाडी निकेश चालवणार होता. दर वर्षी तो इंजिन नागपूरला बांधायला द्यायचा. यंदा वरठीतल्या त्यांच्याच गॅरेजात ते मी बांधीन, असा हट्ट खुशबूनं धरला होता. आयटीआय झाल्यापासून ती भावाच्या हाताखाली होती, पण अख्खं इंजिन हे पहिलंच.

"तुया पानाच खोटा असंल," निकेश म्हणाला.

"कालच तपासून आणला, दादा."

"मंग धागा जुना असंल."

"नवं पाकीट फोडलं."

"मंग बुधवारी तूच चुकली. आता काहून रागावून राहिली?"

तिनं तिसऱ्या रॉडमधली बेअरिंगची अर्धगोल पट्टी काढून उजेडात धरली. नवी पट्टी मळकट राखाडी असते. ही लखलखत होती आणि कडेला तांबूस रेघ उमटली होती. तिनं पट्टी नाकाशी नेली. चिंचेचा वास आला.

"बाबा!"

गोमाजी मागच्या पडवीतून आले. हात फडक्याला पुसत होते.

"ह्या पट्ट्या घासल्या तुमी?"

"हो, म्याच. चिंच अन् विटेची भुकटी," ते खुशीत म्हणाले. "बाकावर पडल्या होत्या, किती काळ्या व त्या! तू म्हणे काम आवरून नाही राहिलं. म्हटलं, तेवढाच हातभार. एकीच्या खाली तर तांबं लागलं."

त्यांचा जन्म भंडाऱ्याच्या बाजारात पितळेची भांडी चमकवण्यात गेला होता. काळा माल त्यांनी कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

"बाबा, तो काळा थर म्हणजे कल्हई समजा," खुशबू म्हणाली. "तेच घासून काढली तुमी."

गोमाजींचा हात फडक्यातच थांबला. कोणी भांड्याची कल्हई अशी खरवडली असती, तर त्यांनी त्याला पुन्हा दुकानाची पायरी चढू दिली नसती.

"मंग परत चढवू," ते हळूच म्हणाले.

"याच्यावर नाही चढत. दुसरा सेट पुण्यावरून येईल. आठवडा लागते."

"तीनवरच चालवू," निकेश म्हणाला. "जाड ऑइल टाकू. एका शर्यतीचा तं सवाल आहे."

"एवढ्या जागेत तेल टिकत नाही. सात हजार फेऱ्यावर गेली की रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येईल. अन् गाडीत तूच बसला राहशील."

"मंग कायले केली एवढी मेहनत? सगळ्याईले सांगून ठेवलं मी, घरचं इंजिन आहे म्हणून!"

"मी नाही जोडत. तुले जोडायचं असंल तं जोड." तिनं पाना त्याच्यासमोर ठेवला.

निकेशनं पाना उचलला. तो उघड्या क्रँकवर वाकला. मग पाना ठेवून त्यानं शर्यतवाल्यांना फोन लावला.

"नाही, येऊन नाही राहिलो. इंजिन नाही झालं... नागपूरले नाही दिलं यंदा, इथंच बनते... कोण म्हणजे? माई बहीण. तिनं नाही म्हटलं, म्हणजे नाही."

त्यानं फोन बाकावर टाकला. "पुण्याले तू बोल. मले आता कोणाशी बोलाचं नाही."

खुशबू पुण्याच्या दुकानाला फोन लावत होती. तिकडे गोमाजी तिसऱ्या रॉडची पट्टी फडक्यात गुंडाळत होते.

"ठेवा ते खाली!" खुशबू ओरडली. नको इतक्या जोरात.

त्यांनी पट्टी जपून बाकावर ठेवली आणि हात मागे घेतले. पुण्याचा फोन लागत नव्हता. तिनं परत लावला.