वाटेत नसलेली तालीम

"इळीरी, उतरा! फुडं जात न्हाय गाडी!" निम्म्या कन्नडात आणि निम्म्या मराठीत ओरडत कंडक्टरने दार उघडलं. अमृतने मांडीवरची बॅग आधी छातीशी धरली आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. कोगनोळीचा टोलनाका अजून अर्धा किलोमीटर लांब होता. रस्त्याकडेला सहा-सात बसगाड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर झाडाखाली तंबाखू मळत बसले होते. कुठेतरी कुणीतरी एका बसला काळं फासलं होतं, म्हणून आता इकडच्या गाड्या तिकडे जाणार नव्हत्या आणि तिकडच्या इकडे येणार नव्हत्या. सीमाभागात राहणाऱ्याला यात नवल वाटण्यासारखं काही नसतं. लोक मुकाट्याने उतरले. कुणी मोबाइल काढला, कुणी पिशवीतला डबा.

अमृतचं मात्र तोंड कडू झालं. साडेतीन वाजले होते आणि पाचला त्याला कागलमध्ये, नागोजी वस्तादांच्या तालमीत पोचायचं होतं.

अमृत बेळगावातल्या खासबागचा. घरी दोन यंत्रमाग होते आणि त्यांवरच्या साड्यांचे नमुने घेऊन महिन्यातले आठ-दहा दिवस तो खानापूर, संकेश्वर, निपाणी, कागल अशी दुकानं फिरायचा. बॅगेत वर साड्या असायच्या आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला लंगोट. ज्या गावात दुकान त्या गावात तालीम, हा त्याचा नेम होता. एक वेळ गिऱ्हाईक नाही मिळालं तरी चालेल, पण कुस्ती धरायला कुणीतरी मिळालंच पाहिजे, असा एकूण कारभार. वय एक्कावन्न.

दोन वर्षांपूर्वी मागाचं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, उचलताना त्याच्या मणक्यातली गादी सरकली होती. चार महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्या चार महिन्यांत त्याच्या बायकोने, सुवर्णाने, दोन्ही माग चालवले आणि त्यालाही उठवलं, बसवलं, चालवलं. शेवटी टिळकवाडीतले डॉक्टर म्हणाले, व्यायाम सुरू करा, पण पाठीवर आपटायचं नाही. यातलं पहिलं वाक्य अमृतने नीट ऐकलं.

तेव्हापासून एकाही तालमीत, एकाही पोराने त्याची पाठ मातीला लावली नव्हती. त्याचा त्याला फार अभिमान होता. फिरतीवरून घरी आला की जेवताना तो प्रत्येक कुस्ती पहिल्यापासून सांगायचा. कुणाच्या पकडीतून आपण कसे सुटलो, कोण कसा आपल्याला दमून सोडून गेला. सुवर्णा भाकरी वाढता वाढता सगळं लक्ष देऊन ऐकायची आणि मधूनमधून "व्हय?" म्हणायची.

आणि आज संध्याकाळी अप्पासाहेबाला उत्तर द्यायचं होतं. अप्पासाहेब त्याच्या भागातल्या जत्रा कमिटीचा. पुढच्या महिन्यातल्या मैदानात जुन्या पैलवानांची एक निकाली, म्हणजे एकाची पाठ लागेपर्यंतची, कुस्ती लावायचं त्याच्या मनात होतं. एका बाजूला अमृत आणि दुसऱ्या बाजूला लोंढ्याचा, रेल्वेतला एक पन्नाशीचा गडी, अजून रेड्यासारखा दांडगा. पत्रकं छापायला जायची होती. अमृतचा होकार मनात ठरलेलाच होता. फक्त कागलला एकदा मातीत उतरून स्वतःची खात्री करून घ्यायची आणि मग फोन करायचा, एवढंच राहिलं होतं.

दुधाच्या रिकाम्या कॅनांचा एक टेम्पो हायवे सोडून आतल्या रस्त्याला वळत होता. अमृतने हात केला.

"कुठं जायाचं, पावनं?" ड्रायव्हरने विचारलं.

"कागलला निघालतो. तालमीला."

ड्रायव्हरने बॅगेकडे पाहिलं. "बॅगंत काय हाय?"

"साड्या."

"साड्या घिऊन तालमीला?"

"साड्यांच्या खाली लंगोट हाय."

हे उत्तर ड्रायव्हरला इतकं आवडलं की त्याने स्वतः वाकून पलीकडचं दार उघडलं. त्याचं नाव मष्णू. "बसा. कागल ऱ्हाऊ द्या आज. आमच्या गावात हाय की तालीम! मी दूध गोळा करूस्तवर खेळा, मागनं निपाणीला सोडतो."

रस्ता खड्ड्यांचा होता. मष्णू बोलत होता आणि अमृत हसून मान डोलावत होता. प्रत्येक खड्ड्याला त्याचा उजवा हात आपोआप कमरेमागे जात होता. त्याचं त्यालाही ते कळत नव्हतं.

गावातली तालीम म्हणजे मारुतीच्या देवळामागची पत्र्याची शेड. आत चार-पाच पोरं जोर काढत होती. वस्ताद लग्नाला परगावी गेले होते आणि त्यांच्या जागी साईराज नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा पैलवान पोरांवर लक्ष ठेवून होता. सैन्यभरतीची तयारी करणारा, अबोल, रुंद छातीचा. अमृतने मातीला हात लावून कपाळाला लावला, मारुतीला नमस्कार केला आणि लंगोट लावून उभा राहिला.

"वय काय, अण्णा?" साईराजने विचारलं.

"हात धर की. वय काय इचारतोस?"

पोरं हसली. साईराजही थोडा हसला आणि पुढे आला. दोघांनी मूठभर माती एकमेकांच्या हातावर, खांद्यावर लावली. थोडी खडाखडी झाली. मग अमृतने नेहमीसारखा पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय ओढायला, हात खाली घातला. इतर तालमींत अशा वेळी समोरचा गडी जरा मागे सरकायचा, अडखळायचा, आणि तेवढ्यात अमृत सावरून घ्यायचा. साईराज अडखळला नाही. त्याने अमृतचा दंड काखेत आवळला, कंबर आत घातली आणि ढाक मारली.

अमृतला वरचा पत्रा दिसला. पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाची तिरीप खाली आली होती. त्याची पाठ पूर्ण मातीला टेकली होती, दोन्ही खांदे, कंबर, सगळं. अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

"उठा, अण्णा." साईराजने हात पुढे केला.

"थांब," अमृत म्हणाला. "हात लावू नको."

तो हलला नाही. हलायची त्याची छातीच होईना. ते चार महिने, ती भिंत, सुवर्णाच्या हातातलं भांडं, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. पोरं जोर काढायची थांबली होती. मग त्याने डाव्या पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. मग उजव्या. मग गुडघा. शेवटी कुशीवर होऊन तो हळूहळू उठून बसला आणि मारुतीच्या दिशेने त्याने नुसते हात जोडले.

साईराज त्याच्यासमोर उकिडवा बसला. पोराचा चेहरा उतरला होता.

"एक बोलू का, अण्णा? राग नगा मानू. पट काढताना तुमी वाकतच न्हाईसा. नुसता हात जातोय. पाठ जपतासा तुमी. माझं ऱ्हाऊ द्या, एखाद्या दांडग्या गड्याम्होरं गेलासा तर मोडून ठेवंल तो."

"मग ह्ये आजवर कुणीच कसं सांगितलं न्हाय मला?" अमृत थोडा चिडूनच म्हणाला. "खानापूर, संकेश्वर, कागल, सगळीकडं खेळतोय मी. दोन वरसं झाली."

"त्यास्नी दिसलं न्हाय व्हय?" साईराजने अगदी सरळपणे विचारलं.

तेवढ्यात कट्ट्यावरच्या बॅगेत फोन वाजला. एका पोराने तो आणून दिला. कागलहून नागोजी वस्ताद बोलत होते.

"अवो अमृतअण्णा, कुठं हायसा? पोरं वाट बघायल्यात. वहिनींचा फोन यिऊन चार तास झालं आन् तुमी..." वस्ताद एकदम थांबले.

"कुणाचा फोन?"

"न्हाय, आपलं हे. बस बंद हाईत म्हणं?"

"वस्ताद. कुणाचा फोन आलता?"

नागोजी वस्ताद उभ्या आयुष्यात भल्याभल्यांच्या पकडीतून सुटले होते. या पकडीतून त्यांना सुटता आलं नाही. थोडं खाकरून ते म्हणाले, "आता कळलंच हाय तर ऐका. तुमी बॅग घिऊन घरातनं निघालासा की वहिनी फोन करत्यात. माझ्या एकट्याला न्हवं. खानापूरपास्नं हितवर, जितं जितं तुमी जातासा तितं समद्यास्नी. एकाकडनं दुसऱ्याचा नंबर घेतला त्यांनी. मी पयल्यांदा म्हणालोतो, वहिनी, त्यास्नी घरातच का बसवत न्हाईसा? तर म्हणाल्या, घरात बसलं तर भिंतीकडं तोंड करून पडतील. त्यास्नी खेळू द्या. फकस्त पाठीवर घालू नगा."

"उद्या-परवा येतो, वस्ताद," एवढंच म्हणून त्याने फोन खाली ठेवला.

त्याला एकेक कुस्ती आठवू लागली. खानापूरच्या एका शंभर किलोच्या गड्याचा हात घामाने निसटला होता. संकेश्वरच्या एका पोराने अमृतला पुरतं खाली दाबलं होतं आणि ऐन वेळी त्या पोराला आपला लंगोट सैल झाल्याची आठवण झाली होती. कागलचा एक जण तर खोकल्याची उबळ आली म्हणून उठून गेला होता. हे सगळं अमृतने घरी जाऊन मीठमसाला लावून सांगितलं होतं, आणि ते कुणाला, तर जिने ते जुळवून आणलं होतं तिलाच. तिने कधी ओठाची कड हलू दिली नव्हती.

सगळ्या तालमी आपल्यामागे हसत असतील, असं पहिल्यांदा मनात आलं. पण एकेक चेहरा आठवून पाहिला तेव्हा हसणारं कुणी सापडेना. आपली ताकद दाखवायला मिळावी म्हणून पहाटे उठणारी ती पोरं. त्यांनी दोन वर्षं, कुणा एका साडीवाल्याच्या बायकोच्या शब्दाखातर, हातातली पकड सोडून दिली होती आणि वर "अण्णा, जबरी खेळतासा" म्हणून त्याला पाणी आणून दिलं होतं. अमृतला भरून आलं. आपण इतक्या लोकांना इतके हवे आहोत, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि ज्या पोराला कुणाचा फोन गेला नव्हता, त्या या समोरच्या पोराचेही आभारच मानायला हवे होते. आज त्याने पाडलं नसतं तर पुढच्या महिन्यात, भर मैदानात, त्या लोंढेकराने पाडलं असतं, आणि तिथून उठता आलं असतं की नाही कुणास ठाऊक.

त्याने अप्पासाहेबाला फोन लावला.

"माझं नाव घालू नको," तो म्हणाला.

"का रं? भ्यालास व्हय?"

"व्हय. भ्यालो."

अप्पासाहेबाने टोमणा तयार ठेवला असावा, पण या उत्तरापुढे तो त्याला मारता आला नाही. "बरं, बघतो दुसरं कोन मिळतंय काय," असं काहीतरी पुटपुटून त्याने फोन ठेवला.

साईराजने चहा आणायला एका पोराला पिटाळलं होतं आणि स्वतः फावड्याने आखाड्यातली माती सारखी करत होता. अमृतने सदरा घातला, कट्ट्यावर भिंतीला टेकून नीट बसला आणि मग घरी फोन लावला. मागांच्या खडखडाटातून सुवर्णाचा आवाज आला.

"पोचलासा व्हय?"

"न्हाय. बस बंद झाल्या. कागल न्हाय झालं. वाटंत एका गावात तालीम हुती, तितंच खेळलो."

"कुठल्या गावात?" तिने घाईने विचारलं. "वस्ताद कोन हाईत तितं?"

"वस्ताद न्हाईत आज. एक पोरगं हाय. त्यानं पाडलं मला."

"पाडलं? पाठीवर? खरं सांगा, पाय हलत्यात न्हवं?"

"हलत्यात. चांगला बसलोय. च्या मागवलाय पोरानं." तो थांबला. "अप्पासाहेबाला न्हाय म्हणून सांगितलं."

सुवर्णाने सोडलेला श्वास त्याला खडखडाटातूनही ऐकू आला.

"उद्या सांजचं संकेश्वरला हाय मी," अमृत म्हणाला. "पाचला पोचतो. तितल्या वस्तादास्नी फोन करून ठेव."

पलीकडे आधी एक माग थांबला, मग दुसरा. घर एकदम शांत झालं.

"कुनी सांगितलं?" तिने विचारलं.

"नागोजी वस्तादांच्या तोंडातनं गेलं. चिडू नको त्यांच्यावर."

"तुमी चिडलाय?"

"न्हाय गं." सव्वीस वर्षांच्या संसारात जे कधी बोलला नव्हता ते तो बोलला. "लई उपकार झालं तुझं."

"उपकार म्हणं!" सुवर्णा म्हणाली आणि तिने नाक ओढलं. मग ती रोजच्या आवाजात म्हणाली, "त्या पोराचा नंबर घ्या. परत कवा त्या वाटंनं गेलासा तर असू दे माझ्याकडं."

"घेतो. धाडतो तुला," अमृत म्हणाला. साईराज फावडं भिंतीला लावून चहाचे कप घ्यायला निघाला होता. त्याच्या रुंद पाठीकडे बघत अमृत घाईने पुढे म्हणाला, "पर त्याला पाडू नको म्हणून सांगायचं न्हाय हं."

"मग काय सांगू?"

"हळू पाड म्हण."