पहिली थप्पड हिरोला

"हिरो, हात पुस आणि चल पटकन! विहिरीवर दोघं भाऊ हातघाईवर आलेत," किराणा दुकानदार बांधावरूनच ओरडला.

हिरोच्या पुढ्यात उघडलेला पंप होता. जुनं सील निघालं होतं, नवं बसवायचं होतं. त्यानं पाना फडक्यावर ठेवला, नट डबीत टाकले आणि निघाला. विहिरीवर थोरल्या भावानं फावडं उगारलं होतं. हिरो जाऊन दोघांच्या मधोमध उभा राहिला. थोरल्यानं फावडं खाली टाकलं, हिरोच्या गालावर एक सणसणीत थप्पड ठेवून दिली आणि मग स्वतःच मटकन खाली बसला.

"झालं समाधान?" धाकटा म्हणाला. "आता सांग, पाणी किती तास हवंय तुला?"

भांडण मिटलं. हिरो परत येऊन सील बसवू लागला.

हा प्रकार अकरा वर्षांपूर्वी सुरू झाला. तेव्हा गावात सिनेमा काढायला परमुलखातली माणसं आली होती. गोष्ट अहिंसेची होती. एक माणूस मार खातो, उलटून हात उचलत नाही, आणि शेवटी मारणाऱ्यांचेच हात थकतात. त्यात दीड मिनिटाचं एक काम या पंप दुरुस्त करणाऱ्याला मिळालं, कारण त्याचा चेहरा हलत नाही असं कॅमेरेवाल्याचं मत पडलं. मारणारा नट नवशिका होता, त्याला खोटं मारता येईना. सतरा वेळा घेतलं. सहाव्या-सातव्या थपडेनंतर गाल बधिर झाला आणि पुढचं काही कळलंच नाही.

वर्षभरानं सिनेमा गावात पडद्यावर दाखवला. भाषा कुणालाच येत नव्हती, त्यामुळे संवाद कळले नाहीत, फक्त मार कळला. गाव त्याला हिरो म्हणू लागलं आणि दीड मिनिटाचं सोंग त्याचा स्वभाव म्हणून धरलं. पुढे कुणाच्या तरी भांडणात तो चुकून मध्ये सापडला, एक थप्पड बसली, हा गप्प राहिला आणि भांडण निवलं. गावाला फुकटचं औषध सापडलं. तेव्हापासून कुठेही तंटा पेटला की पहिली थप्पड हिरोला, आणि थप्पड पडली की तंटा संपला, असा रिवाजच पडला. तो काही संतबिंत नव्हता. पण लोक चांगलं म्हणत असताना नाही कोण म्हणेल? बायको होती तोवर म्हणायची, "तुमच्या गालाचं पायपुसणं केलंय गावानं." तो हसून ताट पुढे ओढायचा.

चार दिवसांपूर्वी लेक एक पिशवी घेऊन माहेरी आली. डोळ्याखाली काळंनिळं. "पडलीस?" त्यानं विचारलं. "हो," ती म्हणाली. मग दोघांनीही तो विषय काढला नाही.

आज दुपारी जेवताना मात्र त्याच्याच्यानं राहवलं नाही. "कधीपासून मारतो?"

"चार वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं, बाबा? तुम्हीही मार खाऊन घरी यायचात, हात धुऊन जेवायला बसायचात. सगळे तुम्हाला चांगलं म्हणायचे. मला वाटलं, असंच करायचं असतं. तो थकेल म्हणून वाट बघत होते." तिनं त्याच्या ताटात भात वाढला. "थकला नाही."

हिरोनं भात कालवला. वाईट वाटायला हवं होतं, पण आत काही हलतच नव्हतं. तो नुसता भाताकडे बघत राहिला.

तेवढ्यात जावई दारात उभा राहून हाका मारू लागला. आवाज ऐकून दुकानदार आला, पाठोपाठ आणखी चारपाच जण आले.

"मी बायकोला न्यायला आलोय," जावई म्हणाला. "न विचारता निघून आली. माणसाला राग येणार नाही?"

"येणारच," दुकानदार समजुतीनं म्हणाला. "काय राग असेल तो इथेच काढा, जावईबापू, आणि मग पोरीला सुखानं घेऊन जा. हिरो, ये रे पुढे."

हिरो उठला, उष्ट्या हातानंच बाहेर आला आणि उभा राहिला. सवयच ती. जावयानं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग मारली.

"चला, मिटलं," दुकानदार म्हणाला. लोक पांगू लागले.

आतून लेक पिशवी घेऊन दारात आली. पायात चपला होत्या, चेहरा कोरा होता, एक रेघ हलत नव्हती. पडद्यावरचा आपलाच चेहरा हिरोला आज पहिल्यांदा समोर उभा दिसला आणि त्याला त्याची भीती वाटली. त्यानं तिच्या हातातून पिशवी काढून घेतली, उंबऱ्यावर बसला आणि ती मांडीवर ठेवली.

"मिटलं नाही," तो म्हणाला.

"अरे, थप्पड झाली ना?" दुकानदार चक्रावला. पांगणारे लोकही थांबले.

"ती माझी झाली. हिच्या चार वर्षांचं काय?"

"मामा, वाटेतून बाजूला व्हा," जावई म्हणाला.

"मार तू. मी हात उचलणार नाही. पण उठणारही नाही, आणि ती येणार नाही."

दुसरी बसली. तिसरी बसली. गावानं आजवर एका तंट्याला एकच थप्पड पाहिली होती. तिच्यापुढचं कसं बघायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी चपलेकडे पाहू लागलं, कुणी खाकरलं. चौथीला दुकानदारानं जावयाचं मनगट धरलं. "बास," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.

जावयानं हात झटकून सोडवला. "उद्या येतो," म्हणाला.

"ये. मी इथेच बसलेला असेन."

तो गेला. लोकही एकेक करून गेले.

लेकीनं फडकं भिजवून आणलं आणि त्याच्या गालाला लावलं. "दुखतंय?"

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"दुखतंय गं," तो म्हणाला. "फार दुखतंय."

ती आल्यापासून एकदाही रडली नव्हती. आता उभ्याउभ्याच, हातात फडकं घेऊन, लहान पोरीसारखी मोठ्यानं रडू लागली. हिरोनं पिशवी खाली ठेवली आणि थोडं सरकून उंबऱ्यावर तिला जागा करून दिली.