सुग्रीवची उंच काठाची पितळी

मित्रांनो, मला आता फारसं कुणी ओळखत नाही, म्हणून आधी ओळख सांगते. मी पितळी, म्हणजे उंच काठाचं, जाड बुडाचं पितळेचं ताट. भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसांसाठीच माझा जन्म. सिरसाळ्याजवळच्या एका वस्तीवर मनकर्णा लग्न होऊन आली, तेव्हा रुखवतात मीही आले. तिचा नवरा सुग्रीव म्हशी राखायचा. रानातून आला की माझ्यात भाकरी कुस्करायचा, वर दूध ओतायचा आणि मन लावून जेवायचा. तेव्हा मला माझाच अभिमान वाटे.

पुढे स्टीलची ताटं आली. कल्हईवाला वस्तीवर येईनासा झाला, तशी माझी रवानगी कोठीत झाली. माझ्यात कुणी गंजके खिळे ठेवू लागलं. फार वाईट वाटलं, पण सांगणार कुणाला?

कोठीच्या दारातून घर दिसायचं. एके वर्षी सुग्रीवचा हात थरथरू लागला. पाऊल अडखळू लागलं, चेहऱ्यावरचं हसू गेलं. सून सुकन्या त्याला माजलगावला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, गोळ्या दिल्या. पण गुण येईना. सपाट ताटातलं वरण सांडायचं, घास तोंडापर्यंत पोचायचा नाही. लाजेनं तो भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. मग तेही जमेना. मनकर्णा भरवायची, तर दोन घासांत मान फिरवायचा. भरवून घेण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असं त्याच्या मनानं घेतलं. अंगातला सदरा ढगळ होत चालला. माणूस हातचा जातो की काय, ही धास्ती घराला लागली.

दुसऱ्या खेपेला मनकर्णाही सोबत गेली. गोळी कशाबरोबर देता, असं डॉक्टरांनी विचारलं. तिनं कौतुकानं सांगितलं, पेलाभर दाट दुधाबरोबर. गोळी गरम पडते, दूध ती बाधू देत नाही, अशी आमच्या घरची समजूत. डॉक्टर म्हणाले, दूध चांगलंच आहे, पण दुधातली, डाळीतली प्रथिनं या गोळीच्या आड येतात. गोळी जेवणाआधी नुसत्या पाण्याबरोबर द्या. दूध आणि डाळ रात्रीच्या जेवणात घ्या. पोट साफ राहायला पाणी आणि भाजी वाढवा.

घरी येऊन मनकर्णा चुलीपुढे बसून राहिली. तिला ते पटेना.

"दावणीला म्हशी हायेत अन् मानसाला कोऱ्या पान्यावर गोळी देऊ व्हय?" ती म्हणाली.

"आत्या, दूध बंद न्हाई केलं," सुकन्या म्हणाली. "गोळीपसून लांब ठिवायचं हाय. मामांच्या अंगी लागू द्या की गोळी."

सकाळी मात्र मनकर्णानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तापलेलं दूध झाकून ठेवलं. तसं करताना तिचे डोळे भरून आले.

गुण लगेच आला नाही. हळूहळू मात्र गोळीनंतर सुग्रीवचा आखडलेला हात सैल पडू लागला. ते पाहून मनकर्णाला माझी आठवण झाली. काठ उंच असला म्हणजे अन्न बाहेर जाणार नाही, हे तिनं ताडलं. सिरसाळ्याच्या बाजारातून तिनं मला कल्हई करून आणलं.

त्या दिवशी दोडक्याच्या रश्श्यात मऊ कुस्करलेली भाकरी माझ्यात पडली. सुग्रीवनं बोटं माझ्या काठाला टेकवली, घास गोळा केला आणि हळूहळू उचलला. हात थरथरत होताच. थोडं सदऱ्यावर सांडलं, बाकीचं तोंडात गेलं. मनकर्णा भरवायला पुढे सरकली, तशी त्यानं मान हलवली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू बी घे वाढून. माज्यापायी रोज जेवायची मागं ऱ्हातीस."

तिनं आपलं ताट आणलं आणि त्याच्यासमोर बसली. कित्येक महिन्यांनी ती दोघं एकत्र जेवली.

मित्रांनो, तुमच्या घरातही असं कुणी असेल. त्यांची गोळी कशाबरोबर आणि केव्हा घ्यायची, ते डॉक्टरांना नीट विचारा. प्रत्येकाचं सारखं नसतं. सांडलं तर सांडू द्या, ते पुसता येतं. आणि एवढं माझ्यासाठी करा, त्यांचा शेवटचा घास होईपर्यंत तुम्ही ताटावरून उठू नका.