पलीकडचे टोक

आबाजींनी ट्रॅकपॅड पालथा केला, बॅटरीच्या टोपणाच्या खाचेत रुपयाचे नाणे बसवले आणि पाव वळसा दिला. टोपण सुटले. जुने दोन सेल काढून त्यांनी टेबलाच्या डाव्या कडेला ठेवले, उजव्या कडेचे नवे दोन उचलले, कोणते टोक आत जायचे ते दोनदा पाहिले आणि मगच सरकवले. कळ दाबली. हिरवा दिवा चार-पाच वेळा लुकलुकला आणि स्थिर झाला.

दिवा स्थिर म्हणजे जोडणी झाली. माहितीपत्रकात तसे स्पष्ट छापलेले होते, आणि ते माहितीपत्रक त्यांनी नऊ वर्षे प्लास्टिकच्या पिशवीत जपले होते. पण समोरच्या नव्या टॅब्लेटवर बाणाचा पत्ता नव्हता. उपकरणांच्या यादीखाली एक चकती नुसती गोल फिरत होती. तिला काहीच सापडत नव्हते.

त्यांनी पॅडवरून बोट फिरवले. उजवीकडे, डावीकडे, खाली. पॅड दाबला. पुन्हा दाबला. आणि मग, छत्तीस वर्षे यंत्रांशी सबुरीने वागलेल्या माणसाला न शोभणाऱ्या रागाने, दार ठोठावावे तसा दहा-बारा वेळा दाबला.

काही झाले नाही. त्यांनी नोंदवही पुढे ओढली. भिवपुरीच्या वीजगृहात तासातासाला नोंद करायची सवय लागली होती, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. वेळ, लक्षण, केलेली कृती, कारण असे चार रकाने ते पट्टीने आखत. हल्ली अक्षर थरथरे, म्हणून मोठे आणि दाबून काढीत.

‘शनिवार, दुपारी ४.२०. दिवा स्थिर. टॅब्लेटवर प्रतिसाद नाही. बारा वेळा दाबून पाहिले. कारण : टॅब्लेट सदोष असावा.’

शेवटच्या शब्दावर पेन असतानाच भिंतीपलीकडे खुर्ची जोरात सरकली. थोड्या वेळाने दारात निशिगंधा उभी राहिली. पलीकडच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मनोज आणि नंदाची ही मुलगी, यंदा बारावी झालेली. चेहरा पांढरा पडला होता.

“आबा, परीक्षा गेली.”

“गेली म्हणजे?”

“बाण आपोआप पळत सुटला. मी धरायला गेले तर ‘सादर करा’वर जाऊन दाबला गेला. खात्री आहे का विचारलं, तिथंही तोच दाबला गेला. एकोणीस प्रश्न राहिले आबा. वेळ होता अजून.”

खालापूरकडच्या एका कारखान्यात शिकाऊ तंत्रज्ञ घेणार होते. काम करता करता पदविकाही पुरी होणार होती. पन्नास प्रश्न, एक तास, घरी बसून परीक्षा, आणि एकदा सादर केलेला पेपर पुन्हा उघडत नसे. ती जाहिरात आबाजींनीच कापून ठेवली होती. त्यासाठीच त्यांनी आपला जुना संगणक वायरच्या माउससकट निशीला देऊन टाकला होता. बिनतारी ट्रॅकपॅड तेवढा ठेवून घेतला होता.

त्यांनी पलीकडे जाऊन संगणक पाहिला. माउस फिरवला. बाण शहाण्यासारखा फिरला.

“यंत्र ठीक आहे,” ते म्हणाले. “गुरुवारीही तू हेच सांगत आलीस, कालही. दोन्ही वेळा मी काय सांगितलं? हात स्थिर ठेव. विजेच्या कामात घाई म्हणजे मरण. ही तर नुसती परीक्षा होती.”

निशी खाली मान घालून उभी राहिली. नंदाने चुलीकडून मान वळवली नाही.

घरी येऊन त्यांनी त्याच पानावर दुसरी ओळ लिहिली. ‘निशिगंधाचा पेपर अपुरा गेला. संगणक निर्दोष. कारण : निशिगंधाचा हात अस्थिर, घाई.’ खाली आडवी रेघ मारली. दोषाचे कारण लिहून झाले की त्यांना नेहमीच बरे वाटे.

*

टॅब्लेट मुलाने, ऋषिकेशने, पुण्याहून पाठवला होता. बुधवारी आला आणि गुरुवारपासून त्याच्याशी झटापट सुरू झाली. “बोटानंच वापरायचा असतो बाबा, पॅड कशाला?” असे ऋषिकेश फोनवर म्हणाला, तेव्हा आबाजींनी, पडद्यावर बोटांचे डाग पडलेले मला चालत नाहीत, असे उत्तर दिले. ते खरे नव्हते. गेले वर्षभर त्यांचा उजवा हात कापू लागला होता. काचेवर बोट टेकवले की एकाच्या जागी तीन अक्षरे उमटत, नको ते चित्र उघडे, नको त्याला फोन लागे. पॅडवर तसे नव्हते. तिथे बोट हलके फिरवायचे आणि मनाची तयारी झाली की मगच दाबायचे.

हात कापतो हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. चहा ते अर्धाच कप घेत. देवळाच्या सभेत सही करायची वेळ आली की चष्मा घरी राहिलेला असे. निशीला हाक मारली असती तर तिने पाच मिनिटांत पॅड जोडून दिला असता, हेही त्यांना ठाऊक होते. पण मग ती शेजारी बसली असती आणि म्हणाली असती, हं, आता दाबा.

मंगळवारी दुपारी मनोज घरी आला. तो माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. शनिवार-रविवार तिथे गर्दीचे, म्हणून त्याची सुट्टी मंगळवारची. त्याचा आवाज मोठा, भिंत एका विटेची.

“उद्या सकाळी माझ्याबरोबर वर चलायचं. मालकाशी बोललोय. चादरी-टॉवेलांच्या खोलीत एक पोरगी पायजे त्यांना.”

“निकाल तरी लागू दे ओ,” नंदा म्हणाली. “शुक्रवारी लागतोय.”

“अर्ध्या पेपराला कसला निकाल गं? आबांनी स्वता मशीन बघितलं. त्यांनीच सांगितलं ना तुला, हिची घाई नडली म्हणून? त्यो मानूस खोटं बोलंल व्हय? हे बघ, लावलंय मी मशीन, चालतंय की नीट.”

आबाजींनी आपले नाव ऐकले आणि उगाच ताठ बसले. मग ऐकत नसल्यासारखे करण्यासाठी त्यांनी पॅड ओढला, कळ दाबली. दिवा लुकलुकला, स्थिर झाला. त्यांनी बोट फिरवले.

“आता ह्यो बाण कोन पळवतंय?” पलीकडून मनोज ओरडला. “माझा हात पन नाय माउसवर!”

आबाजींचे बोट थांबले.

“थांबला.”

त्यांनी बोट पुन्हा टेकवले. एक बोटभर, वरच्या दिशेला.

“ए, परत पळाला! वर गेला बघ! निशे, भूतबीत बसलंय का काय ह्यात?”

“राहू द्या ना बाबा,” निशीचा आवाज आला, अगदी हळू. “बंद करा तो.”

आबाजींनी बोट उचलले. पॅडची कळ दाबून धरली. दिवा विझला. तरी ते पॅडकडे बघत राहिले.

नऊ वर्षे हा पॅड एकाच संगणकाशी जोडलेला होता. कळ दाबली की तो आपल्या जुन्या धन्याला शोधणार आणि सापडला की त्यालाच जाऊन मिळणार. हे शाळेतल्या पोरालाही कळले असते. धनी पलीकडे, एका विटेच्या भिंतीआड. दिवा स्थिर झाला होता तो खराच झाला होता. फक्त दुसरीकडे.

वीजगृहात एखाद्या लाइनवर वीज सोडायची तर आधी पलीकडच्या टोकाला फोन करावा लागे. पलीकडच्या माणसाने हुकूम शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, तो इकडे लिहून घ्यायचा आणि मग कळ ओढायची. पलीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय कळ ओढायची नाही. छत्तीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. निशीला परीक्षेसाठी शिकवायला घेतले, तेव्हा पहिल्या दिवशी तिलाही त्यांनी तोच शिकवला होता.

त्यांनी वही उघडली. दुपारी ४.२०. बारा वेळा दाबून पाहिले. त्याखालीच दुसरी ओळ होती.

कोणाला काही कळायचे कारण नव्हते. पॅड कपाटात टाकला की बाण पुन्हा कधी पळाला नसता. मनोजने उद्या पोरीला वर नेले असते, आणि पुढच्या मंगळवारी येताना आबांसाठी चिक्कीचा पुडा आणला असता, नेहमीसारखा. तो पुडा आपण घेऊ, हे आबाजींना अगदी स्पष्ट दिसले. घेऊ, आणि वर विचारू, पोर रुळली का?

त्यांनी वही आणि पॅड काखेत धरले, का कोण जाणे टॅब्लेटही घेतला, आणि चपला न घालताच ते पलीकडे गेले.

*

“या आबा,” मनोज उठला. “बरं झालं आलात. मशीन येडं झालंय.”

आबाजी सरळ टेबलापाशी गेले. त्यांनी संगणकासमोर पॅड ठेवला, कळ दाबली आणि दिवा स्थिर होईपर्यंत थांबले. मग बोट टेकवले. पडद्यावरचा बाण उजवीकडे गेला, डावीकडे आला, खाली उतरला. सगळे बघत होते. शेवटी त्यांनी पॅड एकदा दाबला. पडद्यावर कुठलीशी खिडकी उघडली.

“शनिवारी चार वाजून वीस मिनिटांनी मी हा बारा वेळा दाबला,” ते म्हणाले. “माझ्या वहीत लिहिलेलं आहे. निशीचा पेपर मी घालवला, मनोज. तिनं नाही.”

मनोजने पॅडकडे पाहिले, मग आबांकडे.

“म्हंजे भूत पावरहाउसवालं निघालं म्हना,” तो म्हणाला. हसला मात्र नाही. “आनि मी आल्यापास्नं पोरीला फाडून खातोय.”

आबाजींनी निशीकडे पाहिले. ती रडली असती, चिडली असती तर त्यांना सोपे गेले असते. पण तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. ती पायाच्या अंगठ्याने फरशीची भेग चाचपत होती.

“तुला ठाऊक होतं?”

तिचा अंगठा भेगेवर थांबला.

“निशी, मी विचारतोय.”

“परीक्षेच्या वेळी नाय कळलं. तुम्ही येऊन गेलात ना, त्या संध्याकाळी कोपऱ्यात तुमचं नाव आलं. आबाजींचा ट्रॅकपॅड, जोडला गेला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

उत्तर नंदाने दिले. “मीच नको म्हनले, आबा. मशीन तुमी दिलेलं. शिकवलं तुमी. खाल्ल्या घरचे वासे कशाला मोजायचे? त्यात तुमी एवढं ठाम सांगून गेलात. पोरीनं तुमाला खोटं पाडायचं का?”

आबाजी स्टुलावर बसले. शनिवारपासून तीन दिवस या घरात दोघींना ठाऊक होते. रविवारी नंदाने वाटीभर वालाचे बिरडे आणून दिले होते. ‘मीठ बरोबर हाय का बघा,’ म्हणाली होती. सोमवारी गल्लीत निशीने बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ दिले होते. ते मानेने आशीर्वाद दिल्यासारखे करून पुढे गेले होते.

त्यांनी वही मांडीवर उघडली. वीजगृहाचा नियम असा, की नोंद खोडायची तर एकच रेघ मारायची, मूळ अक्षर वाचता आले पाहिजे, आणि बाजूला सही. त्यांनी ‘कारण’पुढच्या ‘निशिगंधाचा’ या शब्दावर एक रेघ मारली, वर ‘आबाजीचा’ असे लिहिले आणि सही केली. पुढचे ‘हात अस्थिर, घाई’ तसेच राहू दिले. ते बरोबर होते.

“मी कारखान्याला पत्र लिहितो,” ते म्हणाले. “आजच. या पानाचा फोटो जोडू. मानतील न मानतील, ते त्यांच्या हातात.”

मनोजने डोके खाजवले. “मालकाला फोन करतो. शुक्रवारपतुर पोरगी येत नाय म्हनून.”

“निशी, आधी ह्या संगणकातून पॅडची जोडणी काढ. मग तो टॅब्लेटला लागेल आणि मला लिहिता येईल.”

निशीने माउस धरला, यादी उघडली. मग हात काढून घेतला.

“नको आबा. खरं कशावरून म्हणून त्यांनी विचारलं तर? अपघात झाला की तपासनीस येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाय. तुम्हीच सांगितलंत ना?”

सांगितले होते. जिथे जे आहे ते तिथेच, तसेच. आबाजींनी मान हलवली आणि पॅडची कळ बंद केली.

“मग तुम्ही सांगा, मी टाइप करते.”

“नाही,” ते म्हणाले. “ते माझ्या हातचं पाहिजे.”

त्यांनी टॅब्लेट मांडीवर घेतला. पत्राचा कोरा कागद उघडायलाच तीनदा प्रयत्न करावा लागला. मग त्यांनी बोट उचलले आणि ते काचेवर धरले. बोट कापत होते, वाऱ्यावरच्या तारेसारखे, आणि खोलीत दुपारचा भरपूर उजेड होता. मनोज दाराबाहेर बघू लागला. नंदाने त्यांच्यासाठी भरलेला चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला.

बोट टेकले. पडद्यावर उमटले, ‘ममम’.

निशी जमिनीवर बसली. तिने टॅब्लेटची कड दोन्ही हातांनी धरली आणि तो त्यांच्या बोटाखाली किंचित सरकवला.

“सावकाश, आबा,” ती म्हणाली. “घाई नाय.”

आबाजींनी दोन ‘म’ पुसले. उरलेल्या एकाला वेलांटी द्यायला त्यांनी बोट पुन्हा उचलले.