शेठच्या नाकाले पेटी

अनसिंगचे फूलचंद शेठ दुपारी दुकानातच गादीवर घोरत, अन् घोरता घोरता त्यायचा श्वास अटके. गिऱ्हाईक पिशवी हातात धरून तसंच उभं राही. शेठचा श्वास परत आला की मंग लोक साखर मागत.

डाक्टर म्हणाला, झोपेत नाकात हवा लोटत राहा. लोहाराचा भाता आणला, तर शेठाणी पानाबाईनं तो उंबऱ्यावरच अडवला. "कातड्याचा हाय. जैनाच्या नाकाले कातडं लावता काय?"

पेटीचा भाता पुठ्ठ्याचा, म्हणून मले बोलावणं आलं. मी मारोतराव, बावीस वर्षांपासून भजनात पेटी वाजवतो. माह्या पेटीले भोक पाडून नळी बसवली, नळीच्या टोकाले नरसाळं, अन् नरसाळं शेठच्या नाकावर बांधलं.

चार दिवस शेठ ते ओढून फेकत. म्हणत, "नाकात वावटळ शिरून राह्यली." पाचव्या दिवशी लेकरावानी झोपले. मी भाता हलवत बसलो, पण बोटं कायची गप्प राह्यतात? एक पट्टी दाबली, तर हवा तिकडं गेली अन् शेठचा श्वास अटकला. पानाबाईनं माह्या बोटांवर तराजूची दांडी हाणली.

तवापासून मी रोज दुपारी नुसता भाता हलवतो. बावीस वर्षं वाजवलं, तर कोणी मान डोलावली नाही. आता अर्धी आळी दुकानात येऊन बसते, डोळे मिटते, अन् उठताना म्हणते, "मारोतराव, आज पेटी लय गोड होती."